घंटेविना चर्च

दोह्यात पाहुणे आले की त्यांना दाखवायचं काय, हा अल नस्रमधल्या आम्हा मराठी बिऱ्हाडांपुढचा कायमचा पेच. सूक वाकिफ झालं, कॉर्निश झाली, इस्लामी कलेचं संग्रहालय झालं, की पाहुणा सोफ्यावर मांडी ठोकून विचारतो, "आता कुठं?" नाशिकची मावशी तर जर्मनी करून आलेली. कलोनच्या कॅथेड्रलच्या 533 पायऱ्या ती गुडघ्यांच्या नावानं शंख करत चढली होती. "इथं चर्च नाहीत का रे?" तिनं विचारलं. मावशीचा आवाज म्हणजे साक्षात नारोशंकराची घंटा. खालच्या करक चहावाल्यालाही प्रश्न पोचला असावा.

चर्च आहेत, पण मेसैमीरला, सगळे पंथ एकाच कुंपणात. कॅथलिक, अँग्लिकन, कॉप्टिक, ग्रीक, केरळातले सीरियन. रोममध्ये ज्यांचं शतकानुशतकं पटलं नाही, ते इथं पार्किंगपुरते तरी एकत्र येतात. जमीन तेव्हाचे अमीर शेख हमद यांनी दिली आणि मार्च 2008 मध्ये 'अवर लेडी ऑफ द रोझरी'चं उद्घाटन केलं ते आपल्या मुंबईच्या कार्डिनल इव्हान डायस यांनी. सुट्टी शुक्रवारची, म्हणून रविवारची खरी गर्दीही शुक्रवारीच.

वसईचा एक मित्र आम्हाला घेऊन गेला. फाटकावर तपासणी. रक्षकानं मावशीची सुपारीची डबी उघडली, हुंगली, पुन्हा हुंगली आणि दुसऱ्या रक्षकालाही हुंगायला दिली. डबी परत मिळेपर्यंत मागे अख्खं फिलिपिन्स ताटकळलं.

आत गेल्यावर मावशी मान वर करून गरगर फिरली. "कळस कुठंय? क्रूस कुठंय?" बाहेरून काहीच लावायचं नाही, मित्रानं सांगितलं, घंटाही नाही. मग मिश्कीलपणे म्हणाला, "आमच्या घंटा तुमच्याकडेच आहेत ना, मावशी! 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा गेल्या त्या देवळांत. तुमच्या नारोशंकराचीही पोर्तुगीजच."

"मग न्या की परत!"

"इथं वाजवता येणार नाही."

"मग राहू दे आमच्याकडेच," मावशीनं वाटाघाटी आटोपल्या.

मग एखादा जुना मठ तरी दाखव, असा तिनं हट्ट धरला. सातव्या शतकात या भागाला बेथ कत्राये म्हणत आणि इथं जन्मलेले संत इसहाक निनवेचे बिशप झाले, मठाऐवजी एवढंच मी सांगू शकलो. जेमतेम पाच महिन्यांत पद सोडून ते एकांतात निघून गेले.

"पाच महिन्यांत? स्वतःहून?" मावशी थबकली. "आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला सांग रे हे."

तुम्ही येणार असाल तर शुक्रवार धरा, ओळखपत्र जवळ ठेवा, अंगभर कपडे घाला. आणि सुपारीची डबी घरीच ठेवा.