चौकटीचा पाय कसा कापावा?
(नवशिक्यांसाठी, खास बडोद्याची पाणीगेट आवृत्ती)

साहित्य: जुनी सागवानी चौकट एक, नव्या फरशीचा तुकडा एक, ऑसिलेटिंग मल्टी-टूल एक, सल्लागार शेजारी चवीनुसार. सयाजीराव महाराजांनी 1890 साली बडोद्यात कलाभवन ही तंत्रशाळा काढली, तेव्हापासून आमच्या पोळात, म्हणजे गल्लीत, प्रत्येकजण स्वतःला तिथला माजी विद्यार्थी समजतो.

1. आधी यंत्र ओळखा. याचे पाते गरगर फिरत नाही. तीन-चार अंशांत डावी-उजवीकडे थरथरते, तेही मिनिटाला दहा-वीस हजार वेळा. याचे मूळ दवाखान्यात. होमर स्ट्रायकर या अमेरिकन हाडाच्या डॉक्टरांनी 1940च्या दशकात प्लास्टर कापायला अशीच थरथरती करवत केली. कडक प्लास्टर कापले जाते, मऊ कातडी पात्याबरोबर हलून वाचते. ही गोष्ट ऐकून बोट लावून पाहू नका. तुमचे पाते लाकूड कापणारे आहे.

2. पाते निवडा. लाकडाला लाकडाचे, खिळा लागणार असेल तर बायमेटल, फरशीच्या सांध्यांना कार्बाइडचे. जुन्या चौकटीत खिळा असतोच. तो आजोबांनी ठोकलेला असतो आणि नेमका तुमच्या रेषेवर येतो.

3. फरशीचा तुकडा चौकटीला टेकवून आडवा ठेवा, त्यावर पाते सपाट टेका. कापायची उंची आपोआप मिळते, मोजपट्टी नको. नवी फरशी मग चौकटीखाली सरकते आणि फट दिसत नाही. या एका कामासाठी या यंत्राचे सगळे गुन्हे माफ.

4. दाबू नका. दाबले की थरथर मंदावते, पाते तापते, सागवान करपल्याचा वास येतो आणि शेजारचे काका विचारतात, "काय, होळी आत्ताच?" हलक्या हाताने पाते डावी-उजवीकडे झुलवत न्या. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क हवाच. भिंतीजवळ वायर असेल तर आधी मेन स्विच बंद.

5. माझा भाचा सल्ला देईल, त्याचे ऐकू नका. तो अमेरिकेत याच यंत्राने आपली मोटारहोम, म्हणजे चाकांवरचे घर, दुरुस्त करतो. त्याचे घर हायवेवर चालते, आमच्या घरातले दारसुद्धा चालत नाही.

6. शेवटची पायरी सर्वांत अवघड: थांबा. यंत्र हातात आले की चौकटीनंतर दारही कापावेसे वाटते, पण श्रावणात अडलेले दार लगेच कापायचे नसते. लाकूड पावसाळी हवेतले पाणी पिऊन फुगते, हवा कोरडी झाली की आटते. दिवाळीनंतरही अडले, तर चौकटीवर खडू घासा, दार लावा, खडू जिथे उमटेल तेवढेच रंध्याने तासा.

मी थांबलो नव्हतो. आता थंडीत आमच्या दाराखालून मांजर येते-जाते.