वीतभर मूठ

आमच्या गावच्या घरी आजही आंघोळीचं पाणी बंबावर तापतं. थंडीत बाभळीची लाकडं फोडायचं काम माझ्याकडे असतं. गेल्या दिवाळीत कुऱ्हाडीचा जुना दांडा तुंब्यापाशी, म्हणजे पात्याच्या भोकाशी, चिरला, म्हणून तालुक्याच्या बाजारातून नवा आणला. त्या दिवसापासून माझ्या तळहाताला जे सोसावं लागलं, ते सांगायलाच हवं.

दांड्याला वार्निश लावलं होतं. दुकानात टांगल्यावर तो चमकावा, एवढाच त्याचा उपयोग. घाम सुटला की वार्निश निसरडं होतं, हात जास्त आवळावा लागतो आणि दहाव्या मिनिटाला करंगळीखाली फोड येतो. दुसरी खोड त्याहून वाईट. दांडा रुळासारखा गोल होता. दांडा लंबगोल असला की पात्याची धार कुठे आहे, हे न बघता तळहाताला कळतं. गोल दांडा मुठीत फिरतो, घाव तिरका बसतो आणि पातं लाकडावरून सटकून नडगीकडे येतं. माझे आजोबा धामणीचा नाहीतर तिवसाचा दांडा घालत. धामण लवचीक असते, घावाचा हादरा लाकडातच जिरतो. हा दांडा कोणत्या लाकडाचा आहे, हे विकणाऱ्याला सांगता आलं नाही. त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

मग मूठ घरीच करायला घेतली. आधी वायरमनकडची काळी टेप गुंडाळली. दुपारच्या उन्हात तिचा डिंक पाझरला, कडा वळल्या, हात काळेकुट्ट झाले. ती सोलून सुतळी गुंडाळली. सुतळी पकड देते, पण शेवटची गाठ नेमकी तळव्याच्या गादीत रुतते आणि प्रत्येक घावाला तिथेच ठोसा बसतो. त्यानंतर सायकलच्या दुकानातून फाटकी ट्यूब आणली, बोटभर रुंद पट्टी कापली आणि ताणून, एकावर एक चढवत, दोन वितींपर्यंत वेढे दिले. पकड इतकी घट्ट झाली की मी खूश झालो. ती खुशी पहिलं लाकूड फोडेपर्यंत टिकली.

कुऱ्हाड दोन हातांनी चालते, पण दोन्ही हात सारखे चालत नाहीत. खालचा हात दांड्याच्या टोकाशी ठाम असतो. वरचा हात कुऱ्हाड उचलताना पात्याजवळ असतो आणि घाव पडेपर्यंत घसरत खालच्या हाताला येऊन मिळतो. रबरावर तो अर्ध्या वाटेतच अडकला. म्हणजे मूठ हवी ती फक्त खालच्या हाताला, वीतभर. बाकी दांडा उघडा आणि गुळगुळीतच हवा.

खरा त्रास फाल्गुनात झाला. कोरड्या हवेत लाकूड आकसलं आणि पातं खुळखुळायला लागलं. आमच्या कुऱ्हाडीला पाचर नसते. टिकावासारखा दांडा तुंब्यातून वरून खाली ओवायचा. वरचा जाड भाग आवळला की पातं बसतं आणि घाव घालताना बाहेरच्या ओढीने आणखी आवळतं. काढायचं तर दांड्याचं खालचं टोक जमिनीवर ठोकून पातं त्या टोकाकडून सोडवायचं. तिथे तर मी रबराची जाड मूठ करून ठेवली होती! तुंबा तिच्यावरून जाईना. धार लावायला पातं सुटं करता येईना. शेवटी सगळे वेढे चाकूने कापले.

ही अडचण आपल्यापुरती नाही. उत्तर अमेरिकेतला टॉमहॉक, ज्याचं नावच व्हर्जिनियातल्या अल्गाँक्वियन लोकांच्या भाषेतून आलेलं आहे, तोही पुष्कळदा असाच बसवतात: हिकरीचा दांडा, वर जाड, खाली निमुळता, पाचर नाही. त्याच्या दांड्यालाही हौसेने चामडं नाहीतर दोरी गुंडाळतात. वेढा तुंब्यापेक्षा जाड झाला की पातं अडकतं. मूठ करण्याआधी तुंब्याचं माप घ्यावं, हे मला कुणी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते.

आता दांडा ठीक आहे. फुटक्या काचेने वार्निश खरवडलं, कानशीने दोन्ही बाजू थोड्या चपट्या केल्या, जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. तेलाची फडकी बोळा करून ठेवू नका. ती आपोआप तापतात आणि पेटू शकतात, म्हणून उघड्यावर पसरून वाळवा. मुठीला पातळ सुती दोरी, एकच थर. दोरीचा फास आधी दांड्यावर लांबीने धरायचा, त्यावरून वेढे द्यायचे आणि शेवटचं टोक त्या फासातून ओवून वेढ्यांखाली ओढून घ्यायचं. गाठ राहतच नाही. आणि पातं मुठीवरून सहज निघतं.

पण हे सगळं मी का करायचं? विकत घेतलेल्या वस्तूचा हाताशी येणारा भागच गिऱ्हाइकाने पुन्हा घडवायचा असेल, तर दुकानदाराने फक्त लाकूड विकलं, दांडा विकला नाही. दांडे करणाऱ्यांना माझी विनंती आहे: वार्निश लावू नका, दांडा लंबगोल तासा, लाकडाचं नाव सांगा. आणि तुम्ही घेणार असाल तर टोकाकडून बघा. लाकडाच्या रेषा पात्याच्या दिशेनेच गेलेल्या हव्यात. आडव्या दिसल्या तर तो दांडा तिथेच ठेवून या.