‘-- निवडा --’ साहेबांना अनावृत पत्र

रा. रा. ‘निवडा’साहेब,
मुक्काम : ड्रॉपडाउनची पहिली ओळ

स. न. वि. वि.

शिष्यवृत्ती असो, विमा असो की शाळाप्रवेश, ऑनलाइन अर्ज उघडला की पहिली खुर्ची आपली. खरं तर आपण पर्याय नाही, नुसती सूचना आहात. तरी मागे एका पोचपावतीवर आमचा जिल्हा म्हणून आपणच छापून आलात. हे कसं साधलंत, ते एका जाणत्या डेव्हलपरकडून कळलं. रकाना सक्तीचा केला की ब्राउझर एवढंच बघतो : पहिली ओळच निवडलेली असेल, तर तिची व्हॅल्यू रिकामी आहे का? आपली ती रिकामी ठेवायची, तर कुणीतरी तिथे शून्य टाकलं. ब्राउझरच्या लेखी शून्य म्हणजे रिकामं नव्हे. झालं, आपण आत! शून्य किमतीवर मानाची जागा पटकावणारे आपण पहिलेच नाही म्हणा.

आपले धाकटे बंधू, तालुक्याच्या यादीतले, त्यांचा पराक्रम वेगळाच. जव्हारचा माणूस जुन्या सवयीने जिल्हा ‘ठाणे’ निवडतो. यादीत जव्हार सापडत नाही. शोधता शोधता ‘मुरबाड’वर बोट पडतं. मग आठवतं की 1 ऑगस्ट 2014 पासून आपला जिल्हा पालघर. तो जिल्हा बदलतो. आता तालुक्याची यादी नव्याने भरून धाकट्या साहेबांनी पुन्हा पहिल्या ओळीत यायला हवं. ते येत नाहीत. मुरबाड तसंच राहतं आणि अर्ज पुढे जातो. जो फेरबदल शासनाने केला नाही, तो आपल्या खात्याने एका क्लिकमध्ये करून दाखवला!

खेड पुणे जिल्ह्यात आहे आणि रत्नागिरीतही. कर्जत रायगडात आहे, तसंच अहिल्यानगरमध्येही. म्हणजे नुसतं ‘तालुका बरोबर’ म्हणून भागत नाही, जोडी जुळते का ते पाहावं लागतं. आणि हे पाहायचं सर्व्हरवर. ब्राउझरमधली यादी अर्जदाराच्या हातातली. थोडी जाण असलेला कुणीही तिथली व्हॅल्यू बदलून पाठवू शकतो. पण आपल्या दरबारी पहारा अंगणात, तिजोरी उघडी.

उलट जिथे अडवू नये तिथे आपण बरोब्बर अडवता. पडद्यावरच्या यादीत ‘धाराशिव’, सर्व्हरच्या यादीत अजून ‘उस्मानाबाद’. अर्जदार समोर दिसतं तेच निवडतो आणि ‘जिल्हा अवैध’ असं उत्तर घेऊन बसतो. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत जिल्ह्यांना, तालुक्यांना, गावांना संकेतांक आहेत. तपासणी संकेतांकावर केली, तर पाटीवरचं नाव बदललं म्हणून अर्जदाराला कुणी परत पाठवणार नाही. पण नावावरून अडवण्यात जी मजा आहे, ती आकड्यांत कुठली?

आणि तो लाल संदेश : ‘कृपया सर्व माहिती अचूक भरा.’ कोणती चुकली, ते सांगायचं नाही. इतक्यात सत्र संपतं आणि भरलेलं सगळं पुसलं जातं. एवढी गोपनीयता तर पासवर्डच्याही वाट्याला येत नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक अवैध अर्जदार

ता. क. – हे पत्र ऑनलाइनच पाठवणार होतो. पण तिथे ‘तक्रारीचा प्रकार’ ही यादी सक्तीची आहे आणि तीत ‘इतर’ नाही. म्हणून पोस्टाने पाठवत आहे.