न्याहारी लोकांची, जाहिरात सरकारची

शाळेत दुपारच्या जेवणाबरोबर सकाळची न्याहारीही द्यावी, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सुचवले. तमिळनाडूने २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत उपमा-पोंगल वाढायलाही घेतले. आपल्या पुरोगामी महाराष्ट्राने मात्र जानेवारी २०२५ मध्ये दुपारच्याच ताटातल्या अंड्याचा आणि साखरेचा निधी थांबवून तो खर्च लोकसहभागातून भागवायला सांगितले. लोकसहभागाने गावाला शाळेबद्दल आपुलकी वाटते, हे खरेच. पण न्याहारीही अशीच देणग्यांवर सोडून चालणार नाही; दाता वाढदिवसाला उगवतो आणि भूक रोज सकाळी. शिवाय जिथे पोरे उपाशीपोटी शाळेत येतात, तिथले पालक देणगी देणार कशातून? गावाने शिऱ्यावर बेदाणे जरूर पेरावेत. रवा-तूप सरकारनेच आणावे. नाहीतर उद्या मास्तरांच्या पगारासाठीही वर्गणीची पावतीपुस्तके छापावी लागतील.