चार पाठवले, चार आले

आमच्या दाराची बेल एकदाच लांबलचक वाजली तर इस्त्रीवाला, दोनदा तुटक वाजली तर कुरिअर. सारख्या अंतराने मोजून चार वेळा वाजली, की बायको स्वयंपाकघरातूनच म्हणते, "तुमचे पिंगकाका आले."

तुमच्याही सोसायटीत ते आहेत. विंग वेगळी असेल. बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झालेले, हाफ चड्डीच्या खिशात पिवळी लॅनची वायर, गळ्यात दोरीला चष्मा, आणि तुमचं इंटरनेट बंद पडलंय हे तुमच्याआधी त्यांना कळलेलं असतं. तुम्ही "नेट गेलंय हो" म्हणायला तोंड उघडता, तोवर समोरून प्रश्न येतो, "पिंग करून बघितलंत?"

हा प्रश्न फक्त इंटरनेटपुरता असता तर मी एवढं लिहायला बसलो नसतो. दूधवाला आला नाही, "पिंग केलंत?" प्लंबर उद्या येतो म्हणून आठवडा झाला, "पिंग करत राहा." तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाच्या स्थळाकडून उत्तर नाही म्हणून त्याची आई चिंतेत होती. काकांनी जिन्यातच सांगितलं, "चार दिवस पिंग करा, नाही आलं तर रूट बदला." बाई अजून त्यांच्याशी बोलत नाहीत. पिंग हा शब्द कुठून आला हे तर लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसालाही ते सांगतात. १९८३च्या डिसेंबरात माइक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसाने हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि पाणबुडीच्या सोनारचा आवाज येतो तसं त्याचं नाव ठेवलं. आवाज सोडायचा, तो आपटून परत आला की समोर काहीतरी आहे. मी खरोखरच लिफ्टमध्ये अडकलो होतो, आणि ते बाहेरून ओरडून सांगत होते.

त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर पिंग केलं की तो आपोआप चार हाका मारतो आणि मग हिशेब देतो: किती पाठवल्या, किती परत आल्या, हानी किती टक्के. बेलचे चार ठोके त्यातूनच आले. हिशेबाची भाषाही. दिवाळीत बायकोने त्यांच्याकडे चार करंज्या पाठवल्या तर डबा परत करताना म्हणाले, "चार पाठवल्या, चार मिळाल्या, लॉस शून्य." सोसायटीच्या सभेला कमिटीने चाळीस नोटिसा वाटल्या आणि दहा माणसं आली, तेव्हा अध्यक्षांचं प्रास्ताविक व्हायच्या आधी मागून आवाज आला, "पंचाहत्तर टक्के लॉस!"

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवार संध्याकाळ, मॅचच्या शेवटच्या तीन ओव्हर आणि नेट बंद. मी कंपनीच्या हेल्पलाइनचं संगीत ऐकत बसलेलो. बेल वाजली. चार वेळा. काका आत आले, माझा लॅपटॉप मांडीवर घेतला आणि ती काळी खिडकी उघडली, जिच्यात पांढरी अक्षरं टाइप केली की आपण बिनडोक आहोत असं आपल्यालाच वाटायला लागतं.

"आधी स्वतःला हाक मारायची," ते म्हणाले आणि १२७.०.०.१ टाइप केलं. हा पत्ता म्हणजे ज्याचं त्याने स्वतःलाच विचारणं. निरोप मशीनच्या बाहेर पडतच नाही. "आपणच ओ दिली नाही, तर कंपनीला शिव्या घालून काय उपयोग?" आली ओ. मग १९२.१६८.१.१, म्हणजे कोपऱ्यातला राउटर. तोही बोलला. मग ८.८.८.८, गूगलने अमेरिकेपासून आपल्यापर्यंत ठिकठिकाणी ठेवलेला सर्व्हर. त्याचीही उत्तरं खणखणीत आली. मग एका वर्तमानपत्राच्या साइटचं नाव टाइप केलं, तर मशीन गप्प.

"बघा, रस्ता चालू आहे. डिरेक्टरी हरवलीय." नावावरून आकडे शोधून देणारी जी यंत्रणा, डीएनएस, तीच तेवढी झोपली होती. काकांनी राउटरला दुसऱ्या डिरेक्टरीचा पत्ता दिला आणि मॅच सुरू झाली. तोपर्यंत आपण हरलो होतो, पण ते काकांच्या दृष्टीने गौण.

चहा घेतल्याशिवाय ते जात नाहीत आणि चहा आला की वाडा निघतो. काकांचं लहानपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं. बाहेरच्या जगासाठी त्या सगळ्या वाड्याला एकच घरनंबर, आत चौदा बिऱ्हाडं. पोस्टमन गठ्ठा ओसरीवर टाकून जायचा. ओसरीवर मालकांची आई बसलेली. कोणी कोणाला पत्र टाकलंय, कोणाच्या मुलीचं उत्तर यायचंय, हे सगळं तिच्या डोक्यात. आलेलं पत्र ती बरोबर त्या त्या खोलीत पोचतं करायची. "तुमचा राउटर म्हणजे ती आजी," काका सांगतात. "बाहेर पत्ता एक. आत तुमचा मोबाइल, बायकोचा मोबाइल, टीव्ही, मुलाचा लॅपटॉप. कोणी काय मागवलं ते आजी पोर्ट नंबर टाकून लिहून ठेवते, आणि उत्तर आलं की त्याला देते. न बोलावता कोणी आलं, तर दारातूनच परत."

मी एकदा विचारलं होतं, माझ्या घरातही १९२.१६८ आणि तुमच्याही घरात तेच, मग घोटाळा कसा होत नाही? काकांनी माझ्याकडे बघितलं, जसं मालकांच्या आईने भाडं थकवणाऱ्याकडे बघितलं असेल. "जिन्याखालच्या खोल्या पुण्यात किती असतील? हजार. पत्रावर कोणी नुसतं 'जिन्याखालची खोली, पुणे' लिहितं का? ती आतल्यांची भाषा. बाहेर चालत नाही."

हे मला एका फटक्यात कळलं, हे कबूल करायला मी आजवर तयार नव्हतो.

बाकी वेळी मात्र हा माणूस असह्य आहे. मालिकेत पोलीस गुन्हेगाराचा आयपी, म्हणजे असाच आकड्यांचा पत्ता, पडद्यावर दाखवतात, त्यात मध्येच ३१२ असा आकडा आला, तर काका सोफ्यावरून उठून टीव्हीसमोर उभे राहतात. "चारही आकडे शून्य ते दोनशे पंचावन्न! त्याच्या वर जातच नाही!" खून कोणी केला ते त्या दिवशी कोणालाच कळलं नाही. चार आकड्यांचे मिळून पत्ते होतात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६, आणि हा आकडा ते नातवंडांच्या वाढदिवसासारखा पाठ म्हणतात. २०११च्या फेब्रुवारीत जगाच्या मध्यवर्ती कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले, एप्रिलमध्ये आशियाच्या वाट्याचेही रेशन सुरू झाले. काकांना ते वर्ष वर्ल्ड कपसाठी आठवत नाही. नवी पद्धत, आयपीव्ही सहा, तिच्यात पत्ते जवळजवळ न संपणारे, आणि ती वापरण्यात भारत जगात आघाडीवर आहे, हे ते अभिमानाने सांगतात. पण मनातून ती त्यांना आवडत नाही. आकड्यांत अक्षरं मिसळलेली, आठ आठ तुकडे. "हा पत्ता आहे की मंगलाष्टक?"

भाडेकरूंवर त्यांचा विशेष लोभ. राउटर मोबाइलला पत्ता देतो तो कायमचा नसतो, मुदतीचा असतो, आणि मुदत अर्धी झाली की मोबाइल आपण होऊन राउटरला विचारतो, पुढे चालू ठेवू का? हे काकांनी आमच्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलांना सांगितलं, वर म्हणाले, "अकरा महिन्यांचा करार असेल तर साडेपाचाव्या महिन्यातच मालकाला विचारावं. यंत्रांना कळतं." मुलांनी सहाव्या महिन्यात घर बदललं.

आणि एकदा तर त्यांनी कमिटीचीच पंचाईत केली. पार्किंगच्या घोटाळ्यावर सेक्रेटरींना एक निनावी ईमेल आली. सेक्रेटरींनी कुठूनशी त्यातून आयपी काढला, एका साइटवर टाकला, उत्तर आलं मुंबई. झालं! सोसायटीत मुंबईहून आलेलं एकच कुटुंब. त्यांच्याकडे संशयाने बघणं सुरू झालं, लहान मुलीचा खेळायचा गट बदलला. सभा भरली. काका उठले, सेक्रेटरींचाच मोबाइल मागून घेतला आणि तीच साइट उघडली. कोथरूडमध्ये बसलेले सेक्रेटरी साइटच्या मते दादरला होते. "आयपी म्हणजे आधार कार्ड नव्हे," काका म्हणाले. "कंपनीचा गठ्ठा मुंबईच्या नावावर, म्हणून तुम्ही मुंबईचे. एकेका पत्त्यामागे शेकडो मोबाइल बसलेले असतात. कोणत्या मिनिटाला कोण होतं, ते कंपनीच्या नोंदीत, आणि ती नोंद पोलिसांना मिळते, पार्किंग कमिटीला नाही." सभेत शांतता. मग सेक्रेटरींनी पुढचा विषय घेतला, पाण्याच्या टाकीचा. त्या मुंबईच्या कुटुंबाची माफी कोणी मागितली नाही. काकांनी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घराची बेल चार वेळा वाजवली आणि त्यांचा राउटर फुकट बघून दिला, न बिघडलेला.

गेल्या जूनमध्ये त्यांची पिवळी वायर परत द्यायला मी सकाळी साडेसातला गेलो. काकूंनी दार उघडलं. काका आतल्या खोलीत काळी खिडकी उघडून बसलेले. शेजारी दोनशेपानी वही, समासाची रेघ आखलेली, डावीकडे तारीख, उजवीकडे आकडा. १४८. १४७. १४९. १४८. पानंच्या पानं.

"लाइन तपासतो," ते म्हणाले आणि वहीवर हात ठेवला.

मुलगी नेदरलँड्सला, आइंडहोवनला. तीन वर्षांपूर्वी हे दोघं तिच्याकडे राहून आले, तेव्हा काकांनी तिच्या राउटरला बाहेरच्या हाकेला ओ द्यायला शिकवलं आणि पत्ता बदलला तरी सापडावा म्हणून त्याला एक नाव लावून दिलं. रोज सकाळी चार हाका. पुण्याहून आइंडहोवन आणि परत, एकशे अठ्ठेचाळीस मिलिसेकंद.

"फोनच करा ना," मी म्हणालो.

"आत्ता तिकडे पहाटेचे चार. फोन वाजला की दचकते. राउटर झोपत नाही."

ऑगस्टात एकदा बेल दोनदाच वाजली. मी कुरिअर समजून दार उघडलं तर काका. आत आले, बसले, चहा नको म्हणाले. तीन दिवस पलीकडून काही नव्हतं. "चार पाठवले," ते म्हणाले. पुढचे टक्के त्यांनी सांगितले नाहीत. सबंध सोसायटीला पिंग करा, पिंग करा सांगणारा हा माणूस, आणि मुलीला फोन लावायचा म्हटलं तर म्हणत होता, तिची कामाची वेळ असेल, लाइनचंच काहीतरी असेल, उगाच कशाला.

शेवटी काकूंनी लावला. मिनिटभरात उलगडा झाला. मुलीने कंपनी बदलली होती, महिन्याला थोडे युरो वाचत होते. नवा राउटर अनोळखी हाकेला उत्तर देत नव्हता, एवढंच. मग काकांनी फोन घेतला आणि कुठला मेनू, कुठली खूण, कुठे क्लिक, सगळं सांगत बसले. चाळीस मिनिटं. काकू म्हणाल्या, गेल्या वर्षभरात बापलेक एवढं बोलले नव्हते, विषय राउटरचा का असेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गेलो. काळ्या खिडकीत चार ओळी आल्या, चार पाठवले, चार आले. काकांनी चष्मा वर सरकवला, वहीत तारीख घातली आणि आकडा लिहिला. १५१.

"तीन मिलिसेकंद लांब गेली," ते म्हणाले आणि वही मिटली.