किमान, कमाल आणि मामांचे दात

२०२४ च्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या शेतकरी कंपनीनं हमीभावाच्या खरेदीसाठी सॉफ्टवेअर घेतलं आणि त्यात मालाची प्रत भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला मराठी टायपिंग येतं, एवढाच माझा गुन्हा. पडद्यावर चार रकाने होते : गुणधर्म, किमान, कमाल आणि सहनशीलता. परभणीत पन्नास उन्हाळे काढले, पण तुमची सहनशीलता किती, हे आकड्यात आजवर कुणी विचारलं नव्हतं.

सोयाबीनचे आकडे तसे पाठ होते. हमीभावाच्या खरेदीला ओल १२ टक्क्यांपर्यंत, काडीकचरा २ टक्के. व्यापाऱ्याचं गणित त्याहून कडक : १० ओल, २ माती, २ डागी. मालाच्या नावात शेतकऱ्यांच्या आग्रहाखातर ‘एमएयूएस ७१’ हे वाणही घातलं. यातलं ‘एमएयू’ म्हणजे आमचं मराठवाडा कृषी विद्यापीठ. विद्यापीठाला वसंतराव नाईकांचं नाव लागलं, बियाण्याच्या पिशवीवर जुनंच राहिलं. सहनशीलतेच्या रकान्यात मी शून्य टाकलं. सरकारी काम, उगाच जोखीम कशाला?

त्याआधी ही चारही खाती आमचे मापाडी मामा एकटे सांभाळत. कट्ट्यात परखी खुपसायची, तळहातावर दाणे घ्यायचे, फुंकर मारून मातेरं उडवायचं आणि एक दाणा दाढेखाली. कट्ट वाजला तर वाळलेला, दबला तर ओला. पंचाईत व्हायची ती धड वाजतही नाही आणि धड दबतही नाही अशा दाण्याची. तेव्हा मामा दाण्याकडं बघायचं सोडून माणसाकडं बघत. कुठून आला, गाडी भाड्याची का घरची, पोटात काही आहे का. मग एवढंच म्हणत, “घ्या आत.” हा सगळा हिशेब कुठल्या रकान्यात बसवायचा, ते मला अजून कळलेलं नाही.

पहिल्याच दिवशी पालमकडून आलेल्या मालाची ओल १२.४ निघाली. पडदा लाल झाला. ‘नाकारले.’

“सर, बारा चालतंय ना? मग पॉइंट चारनं तुमचं काय घोडं मारलं?”

मी गणित करून बघितलं. १२.४ चा एक क्विंटल १२ वर आणायचा तर साधारण साडेचारशे ग्रॅम पाणी उडवावं लागतं. म्हणजे अर्ध्या तांब्याएवढ्या पाण्यासाठी मी एका माणसाला पालमपर्यंत परत पाठवत होतो. पुन्हा मशीन लावलं. त्याच कट्ट्यातून ११.८ आलं. तिसऱ्यांदा १२.२. सॉफ्टवेअरमध्ये नोंदीसाठी दहा चौकटी होत्या, म्हणजे मनासारखा आकडा येईपर्यंत मोजत बसायची सोय होती. मामा म्हणाले, “दहा डाव चावायचं म्हणलं तर माझे दात तरी राहतील का?”

१२ हा आकडा उगाच आलेला नाही. ओला माल थप्पीत तापतो, बुरशी धरतो आणि एका कट्ट्यापायी शेजारचे चार जातात. हे मामांनाही माहीत होतं, म्हणून तर ते चावत. पण नोव्हेंबरच्या मध्यावर केंद्र सरकारनं त्या हंगामापुरती ओलीची मर्यादा थेट १५ वर नेली. मी पॉइंट चारसाठी भांडणं अंगावर घेत होतो आणि दिल्लीनं एका पत्रात तीन टक्के सोडून दिले. मामांना सांगितलं तर म्हणाले, “सरकारचेबी दात पडाय लागले म्हणा की.”

खरा घोळ पुढं झाला. नाकारलेल्या मालासाठी सॉफ्टवेअरला वेगळं गोदाम हवं होतं. त्याचं नाव भरल्याशिवाय ते पुढं सरकेना, आणि चांगल्या मालाचंच नाव दिलं तर ओरडायचं. आमच्याकडं पत्र्याचं एकच शेड. नाकारलेला माल बाहेर ताडपत्रीवर पसरतात, शेतकरी दोन दिवस पायानं खालीवर करतो आणि तोच माल मान खाली घालून आत येतो. ‘ऊन’ नावाचं गोदाम काही भरवेना. तेवढ्यात ती जुनी म्हण आठवली : बनी तो बनी, नही तो परभणी. कुठं जमलं नाही त्यानं परभणीत यावं, इथं पोट भरतं. मी टाइप केलं : परभणी. पडदा हिरवा झाला.

महिनाअखेरीस पुण्याहून सॉफ्टवेअरवाल्या पोराचा फोन आला.

“काका, तुमचं नाकारलेल्या मालाचं गोदाम परभणीत दिसतंय.”

“हो.”

“आणि चांगल्या मालाचं?”

“तेही परभणीतच.”

“मग दोन्हींत अंतर किती टाकू?”

मी खिडकीतून बाहेर बघितलं. मामा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ताडपत्रीवरचं सोयाबीन पायानं परतत होते.

“ऊन पडलं तर दोन दिवस.”