उघडून बघू

बेंबळीत दवाखाना कुठलाही चालतो, कॉम्प्युटरला मात्र सरच लागतात. सर कोणत्याच शाळेत शिकवत नाहीत. एकेकाळी एमएस-सीआयटीची सकाळची बॅच घ्यायचे. क्लास बंद पडला, 'सर' तेवढे चालू राहिले. खिशाला पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर. प्रिंटर कागद ओढेना? "उघडून बघू." पासवर्ड विसरला? "उघडून बघू."

2023 च्या खरिपात पीकविमा एक रुपयात झाला आणि सेवा केंद्रासमोर सोयाबीनपेक्षा दाट गर्दी उगवली. सातबारा, पासबुक, पीकपेरा घेऊन माणसं ताटकळलेली आणि आत लॅपटॉपवर नुसतं गोल फिरतंय. सरांनी लांबूनच निदान केलं, "हार्ड डिस्क म्हातारी झाली. एसएसडी टाकू."

सल्ला चुकीचा नव्हता. जुन्या डिस्कमधली तबकडी मिनिटाला 5400 फेरे मारते तेव्हा कुठं फाइल हाताला लागते. एसएसडीत फिरणारं काही नसतंच. सरांनी 22 मिलिमीटर रुंद, 80 मिलिमीटर लांब अशी ती पट्टी रिकाम्या खाचेत बसवली, तिच्यावर विंडोज नव्यानं टाकलं आणि लॅपटॉप पळायला लागला. दुसरा कुणी असता तर इथं चहा पिऊन घरी गेला असता. सर म्हणाले, "आता जुनीचं उगं वजन कशाला?" आणि ती काढून खिशात घातली.

पडदा काळा. त्यावर इंग्रजीत एक ओळ : बूट डिव्हाइस सापडत नाही.

सरांची खरी उंची अशाच वेळी कळते. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. दोष आधी लाइटीवर गेला, मग चायना मालावर, मग शेवटचं बोट ज्यानं लावलं त्याच्यावर. बॅटरी काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. रॅम काढून खोडरबरानं घासली. (हाच उपाय सरांनी एकदा एका एटीएम कार्डावरही केला होता. त्या कार्डाविषयी नंतर कुणी बोलत नाही.)

रांगेतून आवाज आला, "सर, चालू होलालं नाही का?"

"होलालंय की मामा. आतून चालूच हाय, फक्त दिसंना."

शेवटी, बाकीचं सगळं करून झाल्यावर, जुनी डिस्क परत घातली. लॅपटॉप चालू. काढली. बंद. घातली. चालू. रांगेतल्या माणसांना विम्याचा विसर पडला.

भानगड साधी होती. विंडोज टाकताना जुनी डिस्क जागेवरच होती, म्हणून यंत्र सुरू करून देणाऱ्या फायली तिच्यावरच्या एका छोट्या कप्प्यात राहिल्या. नव्या सुनेनं सगळं घर हाती घेतलं, पण चाव्या सासूच्याच कमरेला! नव्या पट्टीवर तसा कप्पा करून 'बीसीडीबूट' ही आज्ञा दिली की चाव्या इकडे येतात. मी भीत भीत तसं सुचवलं. सरांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. "येतंय ते मला. पण गर्दीत करायचं नसतंय."

त्यांनी जुनी डिस्क कायमची आत ठेवून स्क्रू आवळले आणि जाहीर केलं, "कंपनी असं देत नाही. ही आपली सेटिंग हाय. डबल इंजिन!" रांगेत एकदोघांना सरकार आठवून हसू आलं. सर हसले नाहीत. मजुरीत मात्र शंभर रुपये वाढले आणि सेवा केंद्रवाल्यानं ते कुरकुर न करता दिले. धाराशिवला लॅपटॉप टाकायचा म्हणजे ऐन विम्याच्या दिवसांत दुकान बंद ठेवायचं. त्यापेक्षा सर स्वस्तच. त्या रात्री पोर्टल जरा मोकळं झाल्यावर मामांचा अर्ज भरून झाला.

पुढच्या आठवड्यात झेरॉक्सवाला आपला धडधाकट लॅपटॉप घेऊन हजर. त्यालाही डबल इंजिन पाहिजे होतं. त्याच्या लॅपटॉपात दुसरी डिस्क बसायला जागाच नव्हती.

"जागा करू," सर म्हणाले.